जिवंत माणसाला नंबर नसतो

मी राहतो शिरूरला, नोकरी करतो रांजणगावात आणि भांडतो दौंडच्या हॉकीवरून. पहिल्या दोन गोष्टींमुळे मला कुणी ओळखत नाही. तिसरीमुळे थोडंफार नाव आहे, आणि त्याच नावाची मला हल्ली लाज वाटते.

वडील रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे लहानपण दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलं. कॉलनीच्या मागं मुरमाचं मैदान. सगळी दुनिया क्रिकेट खेळत होती तेव्हा आमच्या कॉलनीत हातात बॅट दिसली तर मोठी माणसं विचारायची, "कपडे धुवायला निघालास का रे?" मी हॉकीत फुलबॅक होतो. खेळायचो असं म्हणवत नाही, उभा राहायचो. बॉल माझ्याकडं आला की आमचाच गोलकीपर देवाचं नाव घ्यायचा. पुढं आयटीआय झालं, कंपनीत क्वालिटीला लागलो, शिरूरला घर बांधलं. तरी रविवारी सकाळी गाडीला किक मारली की ती न्हावऱ्यावरून थेट दौंडलाच जायची. मैदानाच्या कडेला चहाची टपरी आहे. तिथं जुने खेळाडू जमतात. खेळताना जे जमलं नाही ते मी तिथं बोलून भरून काढलं. सगळ्यात मोठा कोण, त्याच्या खालोखाल कोण, यावर माझ्याइतका तावातावानं बोलणारा तिथं दुसरा नाही. बायको म्हणते, "आठवडाभर कंपनीत माल तपासता, आन् सुट्टीला माणसं."

पण आमच्याकडं नंबर लावणं म्हणजे नुसत्या टपरीवरच्या गप्पा नाहीत. त्याला रीत आहे. मैदानानं आजवर तिघांनाच नंबर दिलेत, आणि तिघंही गेल्यावर. माणूस गेला, घरचे विधी उरकले, की पुढच्या रविवारी मैदानावर सभा होते. सेंटर लाइनवर नवे-जुने सगळे खेळाडू स्टिका टेकून उभे राहतात. कुणीतरी गेलेल्या माणसाच्या खेळाबद्दल बोलतो, आणि तो त्या लायकीचा असेल तर शेवटी त्याचा नंबर सांगतो. बहुतेकांना नंबर मिळतच नाही. 'मनापासून खेळला' म्हणतात आणि चहा होतो. जिवंत माणसाला मात्र नंबर द्यायचाच नाही. तो कितीही मोठा असो, त्याला 'रांगेबाहेर' म्हणायचं.

असं का, तर फार पूर्वी एका हयात खेळाडूला उत्साहाच्या भरात दुसरा नंबर देऊन बसले होते. त्यानं थोड्याच दिवसांत म्हाताऱ्यांच्या मॅचमध्ये पंचाच्या अंगावर स्टिक उगारली. दिलेला नंबर शेवटी काढून घेतला, पण तो कसा घ्यायचा यावर इतकी भांडणं झाली की दोन साडूंचं बोलणं कायमचं बंद पडलं. तेव्हापासून ठरलं, माणूस पुरता संपल्याशिवाय त्याचा खेळ मोजायचा नाही. पुढं त्या नियमाला भीतीही चिकटली. चुकून कुणी म्हणालं, "तुम्ही तर दोन नंबरचे खेळाडू," तर समोरचा खरोखर दचकतो. "मारतो का काय मला?" असं म्हणून तो लाकडाला हात लावतो.

मला ज्यांच्याबद्दल सांगायचंय ते आप्पा. आमच्या मैदानावरून जाऊन देशाकडून खेळलेले. जागा सेंटर हाफची. सेंटर हाफचं नाव पेपरात येत नाही, गोल करणाऱ्याचं येतं. गोल करणाऱ्यापर्यंत बॉल कसा पोचला हे पेपरवाल्याला विचारायला सवड नसते. देशाचा ब्लेझर मिळाला तो आप्पांनी रेल्वेच्या रात्रपाळीला थंडीत घालून घालून कोपरात फाडला. कुणी म्हणालं, आप्पा, तो जपून ठेवायचा, तर म्हणायचे, "मग थंडीला काय सर्टिफिकेट पांघरू?"

मॅचच्या आधी आप्पा मैदानात वाकून फिरायचे. बघणाऱ्याला वाटायचं, खडे वेचतायत. ते एकही खडा उचलायचे नाहीत. कुठं खडा आहे ते बघून ठेवायचे, आणि मॅचमध्ये बॉल मुद्दाम त्या खड्यावरून घालायचे. बॉल ऐनवेळी उडून दिशा बदलायचा, समोरचा हाफ भलतीकडंच पळायचा, आणि आमचा फॉरवर्ड नेमका जिथं बॉल यायचा तिथं उभा. कारण त्याला आप्पांनी आधीच सांगून ठेवलेलं असायचं. पाहुणी टीम म्हणायची, नशीब आहे यांचं.

यावरूनच मुख्य भांडण होतं. काही जण म्हणायचे की टर्फच्या कृत्रिम गवतावर खडे नसतात, तिथं आप्पा निम्मेच राहिले. मी म्हणायचो, अरे, ज्याला खडा वाचता येतो त्याला माणूस वाचता येत नाही होय? टर्फवर ते समोरच्याचा पाय बघून बॉल घालायचे. पण पहिल्या नंबरवर एक गोलकीपर बसलेला होता. तोंडाला जाळी न लावता खेळायचा म्हणे. त्याला खेळताना बघितलेला एकही माणूस आता हयात नाही. ज्याला कुणी पाहिलंच नाही त्याच्या चुका कोण काढणार? मला त्या गोलकीपरचा रागच यायचा. बिचाऱ्यानं माझं काहीएक बिघडवलं नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आप्पांच्या मुलीचा फोन आला. ती यवतकडं एका शाळेत शिक्षिका आहे. आप्पांची बायको मागंच गेली, त्यामुळे मुलगी आणि जावई त्यांच्याजवळ दौंडलाच राहतात. ती म्हणाली, आप्पांच्या पोटाचं दुखणं साधं निघालं नाही. कॅन्सर आहे, आणि पसरलाय. डॉक्टरांनी हात टेकलेत.

"त्यांना अल्सर सांगितलाय," ती म्हणाली. "खरं कळलं की ते खाणंपिणंच सोडतील, आई गेली तवा असंच केलं होतं त्यांनी. दादा, तुम्ही भेटायला या, त्यांना बरं वाटंल. पण तोंडातून काही जाऊ देऊ नका. तुमचं बोलणं म्हंजी..."

माझं बोलणं म्हणजे काय हे अख्ख्या दौंडला ठाऊक होतं.

मी तिला वचन दिलं. आणि फोन ठेवून पहिलं काय केलं, तर टपरीवरच्या दोघांना फोन लावला. 'फक्त तुला सांगतोय' म्हणून दोघांनाही सांगितलं. रात्रीपर्यंत ते सगळ्यांना कळलं होतं. आमचा मैदानाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात आप्पाही आहेत. तिथं हे बोलणं शक्य नव्हतं. म्हणून मी एक नवा ग्रुप काढला. सगळे घेतले, आप्पा सोडून.

आधी म्हटलं, भेटायला कुणी कधी जायचं ते ठरवायला काढू. पहिल्या दिवशी तेच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, 'आता आप्पांचा विचार करावा लागेल.' विचार कसला ते सगळ्यांना कळलं. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं, दुसऱ्यानं लिहिलं, दुसरा नंबर तरी नक्की. मी कंपनीच्या बसमध्ये बसलो होतो. मला राहवलं नाही. रांजणगाव येईपर्यंत मी लिहीतच होतो. दुसरा का म्हणून? खड्यांचं सांगितलं, टर्फचं सांगितलं, त्या गोलकीपरची तर सालटीच काढली. पुढचे आठ-दहा दिवस मी दुसरं काही केलं नाही. एक माणूस तिकडं पेज गिळायला झगडत होता, आणि आम्ही त्याला रांगेत कुठं उभा करायचा यावर भांडत होतो. मला तर त्यात मजा येत होती. हे लिहायला लाज वाटते, पण येत होती. शेवटी सगळ्यांना पटलं. गोलकीपर दुसऱ्या नंबरवर जाणार, आप्पा पहिले. मला लोकांनी अंगठे पाठवले. मॅच जिंकल्यासारखं मी बायकोला जाऊन सांगितलं.

"म्हंजी आप्पा जायची वाट बघताय," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही.

त्या रविवारी मी आप्पांना भेटायला गेलो. ते ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. अंगातला शर्ट त्यांचाच होता, पण दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता. बुबुळं पिवळी पडली होती.

"ये रं, ये," म्हणाले. "शिफ्ट कुठली हाय?"

"सुट्टी आहे आप्पा."

"मग बायकोला फिरवायची सोडून म्हाताऱ्याकडं काय आलास? बस."

मी बसलो. अल्सरबद्दल बोललो, तिखट बंद करा म्हणालो. सगळं नीट चाललं होतं. मुलगी आत चहा टाकत होती आणि तिचा एक कान बाहेर होता. मग आप्पांनीच विषय काढला.

"तुमच्या ग्रुपला काय झालंय? कुणी भांडत न्हाई. नुसती सकाळची फुलं येत्यात. सगळी गेली का काय?"

"नाही, चालूय की," मी म्हणालो.

"कुठं चालूय? आन् त्यो गोलकीपर? त्योच हाय का अजून एक नंबरला? तुझं काय चालंना वाटतं त्याच्यापुढं."

त्यांनी हे हसत, डिवचत विचारलं. मला इतकी वर्षं असंच डिवचायचे. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं झालं माझं.

"चालत नाही कसं? बसवला त्याला दोन नंबरला! एक नंबर तुम्ही आप्पा. सगळ्यांना पटवलं मी, विरोधात एक माणूस राहिला नाही. ठरलंय."

तोंडातून शब्द गेला आणि मग मला कळलं. जिवंत माणसाला नंबर ठरलाय असं मी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. आमच्या मैदानावर याचा अर्थ एकच होतो, आणि तो आप्पांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. तिनं माझ्याकडं जे पाहिलं ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही.

आप्पा खुर्चीत सावरून बसले. पाठ ताठ केली. माझ्याकडं बघत म्हणाले, "ठरलंय? खरं सांगतूस?"

आता धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. खरं म्हणावं तर त्यांच्या मरणावर मी शिक्का मारल्यासारखं. खोटं म्हणावं तर... पण खोटं म्हणण्यानं काय जाणार आहे याचा विचार मी केलाच नाही. मला फक्त सुटायचं होतं.

"छे हो, चेष्टा केली," मी मोठ्यानं हसलो. "जिवंत माणसाला कुठं नंबर असतो आप्पा? तुम्ही अजून पंधरा-वीस वर्षं रांगेबाहेर."

"म्हंजी एक नंबर न्हाई?"

"नाही हो. उगं तुमची गंमत."

ते माझ्या तोंडाकडं बघतच राहिले. मला वाटलं, संशय गेला नाही. चेष्टा पक्की चेष्टा वाटायला पाहिजे, म्हणून मी अजून पुढं गेलो. "आणि लावायचाच झाला तर पाचवे-बिचवे याल कुठंतरी. एक नंबरची स्वप्नं बघू नका!"

"पाचवा," आप्पा म्हणाले. दोनदा मान हलवली. पाठ परत खुर्चीला टेकली. "पाचवा बी काय वाईट न्हाई. चहा घे, निवतोय."

मी निघालो तेव्हा मुलगी फाटकापर्यंत आली. "थोडक्यात निभावलं दादा," ती म्हणाली. "मला वाटलं, संपलं सगळं."

मला काय वाटावं? मला स्वतःचं कौतुक वाटलं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की कशी वेळ आली होती आणि मी कसं प्रसंगावधान राखून निस्तरलं. नव्या ग्रुपवरही लिहिलं. पुन्हा अंगठे आले.

आप्पा पौषात गेले. घर बौद्ध, मृत्यूनंतरचा जलदानविधी झाला, आणि पुढच्या रविवारी मैदानावर सभा ठेवली. बोलायचा मान मला दिला. फुलबॅक असताना माझ्याकडं बॉलसुद्धा सुखानं कुणी दिला नव्हता. मी खूप चांगलं बोललो. खडे सांगितले तेव्हा लोक हसले, ब्लेझरचं सांगितलं तेव्हा डोळे पुसायला लागले. शेवटी मी म्हणालो, "आजपासून आप्पा आपले एक नंबर." सगळ्यांनी स्टिकांनी जमीन ठोकली. तो आवाज कॉलनीपर्यंत गेला असेल. आप्पांचा हार घातलेला फोटो खुर्चीवर ठेवला होता, आणि मी ते त्या फोटोकडं बघून म्हणालो.

चहा चालू असताना मुलगी माझ्याजवळ आली. मला वाटलं, भाषण आवडलं म्हणायला आली. ती म्हणाली, "दादा, आप्पांना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"आजाराचं. पहिल्यापासून. परवा मी कागद आणायला पुण्याला दवाखान्यात गेले होते, तवा डॉक्टर बोलले. पहिल्याच तपासणीला आम्ही खाली औषधं घ्यायला गेलो, तवा आप्पांनी सगळं विचारून घेतलं होतं. आन् वर डॉक्टरांनाच म्हणाले, मला कळलंय हे पोरीला सांगू नका, ती कोलमडंल. ती अल्सर म्हणती तर अल्सर."

मी चहा खाली ठेवला. मला तो ओटा दिसायला लागला. ते सावरून बसले होते, पाठ ताठ केली होती. मी समजलो होतो, धसका घेतला. त्यांना मरणाची बातमी नको होती, ती त्यांच्याकडं आधीपासून होती. त्यांना फक्त दुसरी गोष्ट खरी आहे का, एवढंच विचारायचं होतं. आमच्या मैदानावर जी गोष्ट कुणालाच जिवंतपणी ऐकायला मिळत नाही, ती त्यांच्या कानांवर पडली होती. ती मी हसत हसत काढून घेतली. त्यांना वाचवायला म्हणून नाही. माझी चूक झाकायला.

"तुम्ही गेल्यावर ते त्याच नादात होते," ती सांगत होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "पडल्या पडल्या बोटं मोजायचे. म्हणायचे, तिघं तर मैदानानं ठरवलेलेच, ते माझ्या पुढं, मान्य. मग चौथा कोण? गेलेल्यांत कुणी न्हाई, म्हंजी जिवंतातलाच कुणीतरी असणार. एकेकाचं नाव घ्यायचे, त्याचा खेळ आठवायचे, आन् न्हाई म्हणायचे. तुम्हाला फोन लावू का म्हणलं तर म्हणाले, नको, विचारलं तर वाटंल मला राग आला. शेवटी तर बोलताही येत न्हवतं, तरी चार बोटं दाखवून माझ्याकडं बघायचे. मला हॉकीतलं काय कळतं? मी आपली मान हलवायचे."

चहाची टपरी, माणसं, स्टिका, सगळं होतं तिथं होतं. मला कुणीतरी लांबून हाक मारून छान बोललास म्हणालं.

"म्हणून विचारते दादा," ती म्हणाली. "कोण होता चौथा?"

"कुणी नव्हता," मी म्हणालो. "अगं, कुणीच नव्हता. मी तोंडाला येईल ते बोललो. आप्पाच एक नंबर होते. मी पहिल्यांदा बोललो तेच खरं होतं, आज बोललो तेही खरं."

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. शाळेत रडणाऱ्या पोराच्या ठेवत असेल तसा.

"राहू द्या दादा," ती म्हणाली. "माणूस गेल्यावर सगळे चांगलंच बोलतात."

आणि ती आप्पांचा फोटो उचलायला गेली. मी तिच्या मागं दोन पावलं गेलो. तिला पटेल असं काहीतरी शोधत होतो, आणि मला एकही मुद्दा सुचत नव्हता.